ट्रॉलरचं इंजिन फक्त जाळं ओढतानाच गरम होतंय, बाकी वेळ ओके. नेमकं कुठं बघू?

खाडीपलीकडचा
नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या. आमची ट्रॉलर मिरकरवाड्याला असते, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, १२० हॉर्सपॉवर, जुनं आहे पण आजवर दगा दिला नव्हता. काका तांडेल (बोट चालवणारे प्रमुख) आहेत, मी नोकरी सांभाळून सुट्टीला बोटीवर जातो, त्यामुळे इंजिनाचं ज्ञान अर्धवट.

प्रॉब्लेम असा की १ ऑगस्टला मासेमारीची पावसाळी बंदी उठल्यापासून गरम होण्याचा त्रास चालू झालाय. जेटीवर उभी असताना टेंपरेचरचा काटा ७८ डिग्रीवर, बंदरातून बाहेर पडून नुसतं पळताना ८२-८३, इथपर्यंत सगळं छान, आणि एकदा जाळं टाकून ओढायला लागलं की अर्ध्या तासात ९५, मग ९८, मग बझर. आरपीएम कमी केले की पंधरा मिनिटांत खाली येतो. म्हणजे थोडं ओढा, थोडं थांबा, डिझेल जातंय आणि कोळंबी दुसरेच घेऊन जातायत. खलाशी पण वैतागलेत.

मेकॅनिकने आतापर्यंत काय केलं तर समुद्राच्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (आतलं पात्यांचं चाक) ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात बदलला (तो फाटलेला होता), होज पाईप दोन बदलले, आणि थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारा व्हॉल्व) काढून टाकला, म्हणाला आपल्याकडे काय बर्फ पडतो का, कशाला पाहिजे. काढल्यावर सकाळी इंजिन गरम व्हायला जास्त वेळ लागतो, पण ओढताना तेवढंच तापतं. आता म्हणतोय हेड उतरवू. हेड उतरवायचं म्हणजे आठवडा गेला आणि खर्च वेगळा. बाकी इंजिन बरं वाटतं, बंदीत बोट वर काढून शाकारलेली होती, पाण्यात सोडायच्या आधी किनाऱ्यावरच दहा मिनिटं चालवून बघितलेलं, आवाज एकदम गोड होता. काय करावं?

घाटवळण
भाऊ मी बोटीवाला नाही, ट्रकवाला, चिरा भरून करूळ घाटाने वर जातो, पण तुमचं लक्षण वाचून हसू आलं कारण सेम. सपाटीला काटा हलत नाही आणि घाट चालू झाला की चढतो. आमच्यात नवीन पोरं चढाला वरच्या गिअरमध्ये रेटतात, इंजिन घुसमटतं, आरपीएम हजारावर, म्हणजे लोड फुल आणि पाण्याचा पंप आणि फॅन दोन्ही हळू फिरतायत. एक गिअर खाली टाक, आरपीएम वाढव, काटा आपोआप उतरतो. लोकांना उलटं वाटतं, की आरपीएम वाढवले तर जास्त तापेल.

बाकी आमच्याकडे निम्मी भानगड रेडिएटरच्या जाळीत लाल माती बसण्याची. पावसात चिखल उडतो, मग ऊन पडलं की त्याची वीट होते. धुताना इंजिनच्या बाजूने बाहेर पाणी मारायचं, समोरून मारलं की माती आणखी आत ठासली जाते. तुमच्याकडे जाळी नाही पण काहीतरी चोंदलं असणार एवढं मी पैजेवर सांगतो.

हर्णैकर
थर्मोस्टॅट काढला ते बरोबरच केलं, आमच्याकडे कोणाच्याच बोटीला नाही. हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) गेली असणार. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं, हेड उतरवलं आणि ओके.

जुना_चीफ
थांबा थांबा. हेडला हात लावू नका एवढ्यात. मी तीस वर्षं मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये काढली, आता रत्नागिरीत आंब्याची कलमं बघतो, पण इंजिनाचा विषय निघाला की हात शिवशिवतात.

पहिली गोष्ट, तुमच्या बोटीत पाणी एक नाही, दोन आहेत, आणि मेकॅनिक लोक दोघांची खिचडी करतात. एक गोडं पाणी, ते इंजिनाच्या आत गोल गोल फिरतं, बाहेर कुठं जात नाही. पंप ते ढकलतो, ते आधी ऑइल कूलरमधून, मग ब्लॉकमध्ये लायनरच्या (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) भोवती, मग वर हेडमध्ये व्हॉल्वच्या आजूबाजूने जातं, तिथून थर्मोस्टॅटच्या डबीत, मग कूलरमधून परत पंपाकडे. दुसरं खारं पाणी, ते खालच्या कॉकमधून स्ट्रेनरमधून (गाळणीतून) वर येतं, रबरी इम्पेलरचा पंप ते ओढतो, कूलरच्या नळ्यांतून जातं आणि बाजूच्या पाईपातून परत समुद्रात पडतं. दोन्ही पाणी एकमेकांना शिवत नाहीत, मध्ये नळीची पातळ भिंत असते, उष्णता तेवढी पलीकडे जाते. ट्रकमध्ये हे दुसरं काम वारा करतो, म्हणून तिथे रेडिएटर. म्हणजे लोखंडाने गोड्याला द्यायचं, गोड्याने खाऱ्याला द्यायचं, खाऱ्याने समुद्रात नेऊन टाकायचं. कुठला हात कमी पडतोय ते शोधायचं, बस.

किती उष्णता असते याचा अंदाज घ्या. डिझेल जळतं त्यातलं साधारण ४० टक्के शाफ्टला मिळतं, ३० च्या आसपास धुरातून जातं, आणि वीस-पंचवीस टक्के पाण्याला उचलावं लागतं. १२० हॉर्सपॉवर म्हणजे ९० किलोवॅट, तर फुल लोडला पाण्याच्या अंगावर ५०-५५ किलोवॅट. घरातला गीझर २ किलोवॅटचा असतो. म्हणजे पंचवीस-सव्वीस गीझर एकदम चालू, आणि ती सगळी उष्णता त्या हातभर कूलरमधून बाहेर गेली पाहिजे. जेटीवर उभं असताना दोन-तीन गीझर चालू असतात, तेवढं अर्धं चोंदलेलं कूलर पण सांभाळतं, म्हणून काटा शांत. नुसतं पळताना लोड मध्यम. जाळं पाठीमागे असलं की बोट दोन-तीन नॉटने सरकते पण इंजिन मात्र पूर्ण ताकद लावतंय. घाटवळण भाऊंनी बरोबर सांगितलं, ओढ हा तुमचा करूळ घाट.

आता थर्मोस्टॅट. बर्फाशी त्याचा संबंध नाही हो. आत मेणाची डबी असते, साधारण ८२ ला मेण वितळून फुगायला लागतं, दांडा ढकलतं, ९५ पर्यंत पूर्ण उघडतं. बंद असताना पाणी बायपासने परत पंपाकडे जातं, उघडताना खालची चकती बायपास बंद करत जाते. तो काढून टाकला की बायपास कायमचा उघडा. मग गरम पाण्यातलं बरंचसं कूलरकडे न जाता शॉर्टकटने परत इंजिनातच. म्हणजे सकाळी इंजिन थंड राहतं, ऑइल गरम होत नाही, धूर करतं, लायनर झिजतात, आणि दुपारी लोडवर उलट जास्त तापतं. दोन्हीकडून तोटा. परत बसवा.

आता माझे प्रश्न. ओढताना वरच्या गोड्या पाण्याच्या टाकीत बुडबुडे येतात का? ऑइलची दांडी काढली तर ऑइल दुधाळ, चहासारखं दिसतं का? पाणी रोज किती घालावं लागतं? आणि टाकीची कॅप कुठली आहे, त्यावर आकडा काय? टाकीत बघायचं ते काच असेल तर काचेतून. गरम इंजिनाची कॅप उघडायची नाही. कोणी उघडली तर मला विचारायला येऊ नका, सिव्हिल हॉस्पिटलला जा.

खाडीपलीकडचा
चीफ काका खूप खूप धन्यवाद, एवढं कोणी नीट सांगितलंच नव्हतं. कालच विचारून घेतलं. बुडबुडे नाहीत (काच आहे). ऑइल काळं, स्वच्छ, दुधाळ नाही. पाणी आठवड्याला अर्धा लिटर वगैरे, ते पण बझर वाजल्यावर उतू जातं तेवढंच. कॅपवर ७ लिहिलंय. पाणी आम्ही घराच्या विहिरीचं घालतो, विहीर खाडीजवळ आहे त्यामुळे एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं थोडं, चालतं ना? आणि काका म्हणतात बाजूच्या पाईपातून पाणी पडतंय, म्हणजे पंप चालू आहे.

जुना_चीफ
बुडबुडे नाहीत, ऑइल स्वच्छ, पाणी कुठं गायब होत नाही, मग हेडवरचा संशय तूर्त बाजूला. हर्णैकर, मेव्हण्याचं काय झालं असेल ते असेल, गॅसकेट उडाली की जळणाचा गॅस पाण्यात येतो आणि लोडवर टाकी उकळल्यासारखी बुडबुडते, ते इथे नाही.

७ म्हणजे ७ पीएसआय (दाबाचं माप), ठीक आहे. दाबाखाली पाणी १०० ला उकळत नाही, ७ पीएसआयला साधारण १११ ला उकळतं. कॅपचं रबर मेलं की दाब टिकत नाही आणि हेडच्या गरम जागी पाण्याची वाफ व्हायला लागते, वाफ उष्णता नीट उचलत नाही. कॅप स्वस्त आहे, नवीन टाका, त्यात विचार करू नका.

मचूळ पाणी नाही चालत. मीठ बीडाला खातं, आणि क्षार लायनरवर थर धरतात. एक मिलिमीटर थर म्हणजे उष्णतेच्या दृष्टीने चार-पाच सेंटीमीटर जाड बीड मध्ये घातल्यासारखं. बॅटरीत घालतो ते पाणी घ्या, सोबत डिझेल इंजिनाचं कूलंट. आता म्हणाल आपल्याकडे बर्फ पडत नाही तर कूलंट कशाला. गोठू नये म्हणून नको, गंजू नये म्हणून हवंय, आणि लायनरसाठी. पिस्टन डावी-उजवीकडे आपटतो तेव्हा लायनर बारीक थरथरतो, त्याच्या पाण्याकडच्या अंगाला सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा लोखंडाचा कण उपटतो. वर्षा-दोन वर्षांत लायनरला सुईने टोचल्यासारखी भोकं, मग पाणी चेंबरमध्ये. मी असा लायनर हातात धरून उजेडाकडे बघितलाय, पलीकडचा उजेड दिसत होता. कूलंटमधलं औषध लायनरवर पातळ पापुद्रा धरतं, बुडबुड्यांचा मार तो खातो. रंग बघून कूलंट घेऊ नका, हिरवा-लाल कंपनीगणिक बदलतो, आणि दोन जातीची एकत्र करू नका.

आता मुद्द्याचं. "पाणी पडतंय" हे मला पुरत नाही. किती पडतंय? २० लिटरची बादली आणि मोबाईलचं घड्याळ घ्या. तुम्ही ज्या आरपीएमला ओढता त्याच आरपीएमला बाजूच्या पाईपाखाली बादली धरा, किती सेकंदात भरते ते सांगा. तुमच्या इंजिनाला मिनिटाला ९०-१०० लिटर पाहिजे, म्हणजे बादली बारा-तेरा सेकंदात भरली पाहिजे. आणि कोणाकडून लेझर थर्मामीटर मिळाला तर ओढ चालू असताना समुद्राचं पाणी कूलरमध्ये शिरतं तिथलं आणि बाहेर पडतं तिथलं टेंपरेचर घ्या, पाईपाला काळा टेप लावून त्यावर मारा, चकचकीत पितळेवर मारलं तर खोटं दाखवतो.

खारं पाणी बाहेर पडताना खूपच गरम झालेलं असेल तर खारं पाणी कमी येतंय. खाऱ्याची वाढ आठ-दहा डिग्रीच आहे आणि तरी गोडं पाणी तापतंय, तर कूलरच्या नळ्यांवर थर बसलाय. आणि गोडं पाणी कूलरमध्ये शिरताना खूप गरम, निघताना एकदम थंड असेल, तर कूलरमधून गोडंच कमी जातंय, तेव्हा बायपास, बेल्ट, चपटा झालेला होज असं बघायचं.

आणि एक, किनाऱ्यावर दहा मिनिटं चालवलं म्हणालात. पाण्याशिवाय?

खाडीपलीकडचा
हो पाण्याशिवाय, वाळूवरच होती ना बोट 😬 गोडं पाणी भरलेलं होतं. खारं कुठून येणार.

जुना_चीफ
म्हणजे इम्पेलर तुम्हीच मारलात. त्या रबराला पाणी हेच वंगण असतं, कोरडं चालवलं की मिनिट-दोन मिनिटांत पाती जळतात, तुटतात. मेकॅनिकने नवा टाकला ते ठीक. पण जुन्याची तुटलेली पाती गेली कुठे? त्याने मोजली का?

घाटवळण
हाहा चीफ साहेब, हे मला आवडलं, पोस्टमॉर्टेम चालू.

सोलकढी_प्रेमी
मधेच विचारतो, माफ करा. आमच्या आजोबांच्या जुन्या होडीवर समुद्राचंच पाणी सरळ इंजिनात फिरवायचे, वेगळं गोडं पाणी नव्हतंच. ते कसं चालायचं मग? आणि भर समुद्रात गोडं पाणी संपलं तर खारं ओतलं तर चालतं का?

जुना_चीफ
@सोलकढी_प्रेमी चालायचं, पण ती इंजिनं मुद्दाम थंड ठेवायचे, ५०-६० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत, कारण त्याच्या पुढे मीठ आणि चुना आत बसायला लागतो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम मीठ असतं, विचार करा. थंड इंजिन म्हणजे डिझेल जास्त आणि आयुष्य कमी. भर समुद्रात नाइलाज असेल तर घरी येण्यापुरतं खारं ओता, जीव महत्त्वाचा, पण इंजिन आधी आयडलवर निवू दे, तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं की तडा गेलाच म्हणून समज. आणि बंदरात आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन काढ, उद्या-परवा नाही.

हर्णैकर
गॅसकेटचं मागे घेतो 🙏 आमच्या बोटीला कूलर नाही, कीलच्या (बोटीच्या तळाच्या कण्याच्या) बाजूने पाईप फिरवलेत बाहेरून, त्यातून गोडं पाणी फिरतं, खाऱ्याचा पंप नाही स्ट्रेनर नाही कटकट नाही. पण यंदा आमचं पण थोडं वर राहतंय, ८८-९०. बंदीत रंगकाम झालं.

जुना_चीफ
@हर्णैकर रंग त्या पाईपांवर पण मारला असेल. मारला ना? दोन-तीन हात जाड रंग म्हणजे पाईपाला स्वेटर. आणि कालवं-शिंपल्या चिकटल्या असतील तर त्यात भर. पाणबुड्या पोराला सांगून ओहोटीला खरवडून घ्या, लाकडी पट्टीने, कोयत्याने नको.

खाडीपलीकडचा
अपडेट. मोठा आहे.

शनिवारी गेलो. आधी बादली. १४०० आरपीएमला २० लिटरची बादली भरायला ३१ सेकंद. काका म्हणाले इतके दिवस असंच पडतंय, मला तर भरपूर वाटायचं. मग ओढ चालू असताना टेप लावून मोजलं, खारं पाणी आत २८, बाहेर ४८.

जेटीला आल्यावर स्ट्रेनर उघडला, तो साफ, थोडं शेवाळ आणि प्लास्टिकचा एक तुकडा. मग जुन्या इम्पेलरचा शोध, मेकॅनिकने काढलेला काकांनी पत्र्याच्या डब्यात ठेवलेला होता, कोकणातला माणूस काही टाकत नाही तेव्हा पहिल्यांदा त्याचा फायदा झाला. बारा पात्यांचा, त्यातली पाच मुळापासून गायब.

मग कूलरचं पुढचं झाकण उघडलं, चार बोल्ट, त्यातला एक गंजून तुटला (ती वेगळी शिवीगाळ). आत नळ्यांची तोंडं दिसतात, मधमाशांच्या पोळ्यासारखी, आणि त्यावर काळी रबराची पाती आडवी चिकटून बसलेली, जशी बेसिनच्या जाळीवर भाजीची पानं बसतात तशी. अर्धी तोंडं झाकलेली. बोटाने काढली, चार निघाली. जिंकची कांडी (कूलरच्या ऐवजी ती झिजावी म्हणून बसवतात) पण काढली, पेन्सिलीएवढी असते म्हणे, आमची खडूच्या शेवटच्या तुकड्याएवढी उरली होती.

थर्मोस्टॅट नवीन आणला, घरी टोपात दोऱ्याने लटकवून गॅसवर उघडतो का बघितला, ८२-८३ ला हलायला लागला. आई म्हणाली ते टोप आता बोटीवरच ने.

सगळं बसवून बादली परत लावली तर १६ सेकंद. आधीपेक्षा खूप बरं, पण तुम्ही बारा-तेरा म्हणाला होता. ओढून अजून बघितलं नाही, सोमवारी जातायत.

जुना_चीफ
शाब्बास रे. तुझा हिशोब पण बरोबर जुळतो बघ, ३१ सेकंदाला २० लिटर म्हणजे मिनिटाला ३९ लिटर, त्यात २० डिग्री वाढ, गुणाकार केला की ५३ किलोवॅट येतात. म्हणजे उष्णता सगळी बाहेर जात होती, पण पाणी कमी असल्याने कूलरमधलं खारं पाणीच तापलेलं, मग गोडं त्याच्याही वर चढून बसणार. इंजिनात काही दोष नव्हता.

पण गायब पाच आणि सापडली चार. १६ सेकंद त्यामुळेच. तुमच्याकडे गिअरबॉक्सच्या ऑइलचा छोटा कूलर खाऱ्या पाण्याच्याच लाईनवर असेल, बऱ्याच बोटींना तो मोठ्या कूलरच्या आधी असतो. तिथे बघ, नाहीतर पंपानंतरच्या एल्बोमध्ये (पाईपाच्या वळणात). आणि सोमवारी ओढून परत आल्यावर लगेच बंद करू नको म्हणावं काकांना, पाच मिनिटं आयडलवर ठेवायचं, पाणी फिरत राहिलं पाहिजे, नाहीतर हेडमधली उष्णता तिथेच साचते.

खाडीपलीकडचा
सोमवारी रात्री काकांचा फोन. तीन तास सलग ओढली, काटा ८७ च्या वर गेला नाही. पण तुमचं ऐकून मंगळवारी सकाळी गिअरबॉक्सचा कूलर उघडायला लावला.

पाचवं पातं तिथेच होतं. तोंडाशी घडी घालून बसलेलं. आता बादली १३ सेकंद, ओढताना खारं पाणी २८ आत, ३७ बाहेर, काटा ८४.

काकांनी पाचही पाती त्याच डब्यात ठेवलीत.